कॅराव्हॅनमधील जलवाहिन्यांचे गोठण्यापासून संरक्षण

कॅराव्हॅन म्हणजे राहण्याची सोय असलेले वाहन. ते कडाक्याच्या थंडीत उभे राहणार असेल, तर त्यातील नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत गोठणरोधक द्रव, म्हणजेच अँटीफ्रीझ, भरला जातो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्या दाबाने नळ्या, सांधे आणि पंप तडकतात.

नवी मुंबईतील उलवे या किनाऱ्यालगतच्या वसाहतीत पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. महाराष्ट्रात थंडीची मजल फार तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे दवबिंदू गोठण्यापर्यंत जाते. मात्र उलव्याची गाडी हिवाळाभर लेहमध्ये ठेवायची झाल्यास हा उपाय अटळ ठरतो.

प्रथम पाण्याची टाकी व गिझर रिकामे करतात. गिझरकडे जाणारा मार्ग वळवून बंद करतात, अन्यथा बराच द्रव त्यातच वाया जातो. नंतर पंपाची नळी द्रवाच्या डब्यात सोडून गरम व थंड पाण्याचा प्रत्येक नळ रंगीत द्रव येईपर्यंत उघडा ठेवतात. शॉवर आणि शौचालयाचा फ्लश विसरण्याचा संभव अधिक. सिंकखालच्या वाकड्या नळीतही थोडा द्रव ओततात. पुन्हा वापरापूर्वी नळ्या स्वच्छ पाण्याने धुतात.

पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त द्रवच वापरतात. इंजिनाच्या कूलंटमध्ये बहुधा असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असून मूत्रपिंडे निकामी करते. त्याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ झालेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली.