परदेशी नोकरी : कौशल्याबरोबर कार्यरीतीचीही ओळख हवी

मुलुंड आणि जर्मनी यांचा संबंध नवा नाही. होक्स्ट या जर्मन कंपनीचा औषधनिर्मितीचा कारखाना एके काळी मुलुंडला होता. तेथील संशोधन केंद्राचे उद्घाटन १९७२ मध्ये तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी कोलियस वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे केले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाऊ लागले. त्या काळी जर्मन उद्योग आपल्या दारी आला होता. आता आपल्या तरुणांना तिकडे जाण्याची वाट खुली होत आहे.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. प्रायोगिक तत्त्वावर दहा हजार उमेदवार पाठविण्याचे उद्दिष्ट त्या वर्षी ठरविण्यात आले. परिचारिका, वीजतंत्री, सुतार, गवंडी, वाहनचालक अशा व्यवसायांचा त्यात समावेश होता. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे.

परदेशी जाण्याची तयारी म्हटली की भाषा, प्रमाणपत्रे आणि प्रवेशपत्र यांचाच विचार होतो. तो आवश्यकच आहे. परंतु मिळालेली नोकरी टिकविण्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज असते. ती म्हणजे तेथील कामाच्या रीतीची ओळख.

वेळेची मर्यादा

जर्मन कायद्यानुसार कामाचा दिवस साधारणतः आठ तासांचा असतो. तो दहा तासांपर्यंत वाढविता येतो. मात्र सहा महिन्यांची सरासरी आठ तासांवर जाता कामा नये. सहा तासांहून अधिक काम असल्यास किमान तीस मिनिटांची विश्रांती द्यावी लागते. एक पाळी संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी सर्वसाधारणपणे सलग अकरा तासांचा अवकाश असतो.

आपल्याकडे साहेब उठेपर्यंत कचेरीत थांबणे ही निष्ठेची खूण मानली जाते. तेथे वेळ संपल्यावरही रेंगाळणाऱ्याला कामाचे नियोजन जमत नाही, असा समज होण्याचा संभव असतो. कामावर उशिरा पोहोचणे हाही दोषच. आजारी पडल्यास मालकाला त्वरित कळवावे लागते आणि आजार तीन दिवसांहून अधिक लांबल्यास वैद्यकीय दाखला आवश्यक ठरतो. घरच्या माणसाकडून उशिरा निरोप धाडून तेथे भागत नाही.

होकाराचा अर्थ

खरी अडचण येते ती बोलण्याच्या रीतीत. वडीलधाऱ्यांना तोंडावर नकार देऊ नये, हा आपला संस्कार आहे. त्यामुळे ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ असे आपण म्हणतो आणि ऐकणाराही त्यातला नकार ओळखतो. जर्मन सहकारी मात्र अशा शब्दांना सरळ आश्वासन समजतो.

समजा, मुलुंडच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेला एक वीजतंत्री तिकडे कामाला लागला. मुकादमाने जोडणीसंबंधी दिलेली सूचना त्याला अर्धीच कळली. पण पुन्हा विचारणे बरे दिसणार नाही म्हणून त्याने मान डोलावली. विजेच्या कामात अशा भिडेची किंमत जिवानेही मोजावी लागू शकते. ‘मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा’ असे म्हणण्यात तेथे कमीपणा नाही. न विचारता चूक करणे हा मात्र दोष मानला जातो.

टीकेचेही तसेच. चूक स्पष्ट शब्दांत सांगितली जाते, परंतु ती कामाची असते, माणसाची नव्हे. श्टुटगार्टच्या परिसरात ‘रागावले नाही, एवढीच स्तुती पुरे’ अशा अर्थाची म्हण प्रचलित आहे. कौतुकाचा शब्द आला नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. संबोधनाची रीत मात्र मराठी माणसाला ओळखीची वाटेल. आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’प्रमाणे जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’ आहेत. समोरच्याने सुचवीपर्यंत ‘झी’ म्हणावे, हे उत्तम.

परीक्षाकाल आणि हक्क

नोकरीचा परीक्षाकाल सहा महिन्यांपर्यंतचा असतो. या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेने कोणताही पक्ष करार संपवू शकतो. ज्या घराने जमीन गहाण ठेवून किंवा कर्ज काढून मुलाला पाठविले, त्या घरासाठी हे सहा महिने मोलाचे ठरतात. म्हणून करारपत्र समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

कर्तव्यांबरोबर हक्कही आहेत. पाच किंवा अधिक कायम कामगार असलेल्या आस्थापनेत कामगारांना आपले प्रतिनिधी-मंडळ निवडता येते. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्यास वर्षाला किमान वीस दिवसांची पगारी रजा मिळते. अडचण मनात न ठेवता प्रतिनिधींपुढे मांडणे, ही तेथील रीतच आहे.

तयारी येथूनच

या सवयी विमानात बसल्यावर लागत नाहीत. कार्यशाळेत विद्यार्थ्याने शंका विचारली, तर निदेशकांनी तिचे स्वागत करावे. दिलेली सूचना विद्यार्थ्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी. शिक्षकांनी वेळापत्रक पाळण्याचा आदर्श स्वतःपासून घालून द्यावा. पंचायत सदस्यांनी गावात फिरणाऱ्या दलालांपासून तरुणांना सावध करावे. परदेशी भरती करणाऱ्या अभिकर्त्यास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. पैसे देण्यापूर्वी ती नोंदणी तपासून पाहण्यास सांगावे.

परक्या रीती शिकणे म्हणजे आपले संस्कार सोडणे नव्हे. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही ‘मला कळले नाही’ असे म्हणता येते. एवढे धैर्य आपल्या वर्गांतून आणि कार्यशाळांतून तरुणांना लाभले, तर ते परदेशी उपयोगी पडेलच. येथील कारखान्यांत आणि कार्यालयांतही त्याचा लाभ झाल्यावाचून राहणार नाही.