रंग सगळ्यात शेवटी

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला रत्नागिरीत राजिवड्याच्या खाडीवर उभं राहिलं की डोळ्यांचं पारणं फिटतं. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपलेली असते. ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटी निळ्या, हिरव्या, पांढऱ्या रंगात चकाकत पाण्यात उतरतात. लहान मुलं ओल्या रंगाला बोट लावून पाहतात आणि मोठ्यांचा ओरडा खातात. आम्हीही कित्येक वर्षं रंग बघूनच बोटीची किंमत करत होतो. नवा रंग म्हणजे नवी बोट, असा आमचा समज. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्याच बोटीने तो खोटा ठरवला.

आम्ही पेशाने शिक्षक. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण घर मासेमारी करणारं. अब्बांनी घेतलेली बावीस फुटी फायबरची बोट आता आमचे थोरले भाई चालवतात आणि त्यांचा मुलगा त्यांच्याबरोबर समुद्रात जातो. सुट्टीत जाळी दुरुस्त करायला, हिशेब लिहायला आणि बोटीला रंग द्यायला आम्ही हाताशी असतो.

अब्बांची पहिली होडी लाकडाची होती. दर वर्षी तिच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, राळ भरायची, माशाचं तेल पाजायचं. पुढे फायबरची बोट आली तेव्हा सगळे म्हणाले, "आता कटकट संपली. हिला ना वाळवी, ना गंज." ते खरं होतं, पण अर्धंच.

फायबर म्हणजे नेमकं काय?

वर्गात आम्ही मुलांना सांगतो तसंच इथे सांगतो. घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात आणि त्यांना धरून ठेवणारं सिमेंट असतं. फायबरच्या बोटीत सळ्यांच्या जागी काचेचे बारीक धागे असतात आणि सिमेंटच्या जागी रेझिन. धाग्यांच्या चटईला 'मॅट' म्हणतात. मॅटचे थर एकावर एक ठेवून रेझिनने भिजवले की ते वाळून कडक होतात. सगळ्यात बाहेर जेलकोटचा पातळ, गुळगुळीत थर असतो. आतल्या थरांना पाण्यापासून जपायचं काम त्याचं.

पण बहुतेक फायबरच्या बोटींच्या पोटात थोडं लाकूड असतंच. मागच्या बाजूला जिथे इंजिन टांगतात, तिथे फायबरच्या दोन थरांमध्ये जाड प्लायवूड भरलेलं असतं. इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा धक्का त्या फळीवर येतो. ती फायबरने बंद केलेली असते म्हणून डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या भोकातून पाणी आत गेलं, की त्याला बाहेर यायला वाट नसते. वरून रंग चकचकीत राहतो आणि आत लाकूड कुजत जातं.

टण् आणि धप्

त्या वर्षी एप्रिलमध्ये भाई म्हणू लागले की बोट जड झाली आहे. ओढायला पूर्वी सहा माणसं पुरायची, आता आठ लागत होती. आम्हाला वाटलं, तळाला शेवाळ आणि कवच्या चिकटल्या असतील. पण मिरकरवाड्याहून आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातोडीचा दांडा उलटा धरला आणि नाळेपासून मागेपर्यंत हातभर अंतरावर ठोकत गेले. टण्, टण्, टण्. मागच्या फळीशी आल्यावर आवाज बदलला. धप्. चार बोटं बाजूला, पुन्हा धप्.

आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. शाळेची घंटा आणि तडा गेलेलं मडकं यांच्या आवाजातला फरक पहिलीतलं पोरही ओळखतं. मिस्त्रींनी तिथला एक स्क्रू काढला. भोकातून तपकिरी पाणी ओघळलं आणि कुजक्या लाकडाचा वास आला.

तो स्क्रू आमचाच होता. आदल्या वर्षी एक पट्टी बसवायला आम्ही स्वतःच्या हाताने चार भोकं पाडली होती. त्यांच्या तोंडाशी सीलंट भरायला हवं होतं. "नंतर भरू" म्हणालो आणि विसरलो. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मे महिन्याचा प्रश्न

मिस्त्रींचं म्हणणं साफ होतं: फळी बदलायची, तळावरचे फोड उघडून भरायचे, मग रंग. आणि हे सगळं पाऊस पडायच्या आत.

इथेच पेच होता. बंदीचे दोन महिने बोट रिकामी असते, म्हणून दुरुस्ती तेव्हाच करायची असं कुणालाही वाटेल. पण ते दोन महिने म्हणजे कोकणातला भर पावसाळा. रेझिनला ओल चालत नाही. ओलसर पृष्ठभागावर ते नीट धरत नाही, आणि दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणजे वेळ असतो तेव्हा हवा नसते, आणि हवा असते तेव्हा धंदा असतो.

भाईंचा पहिला विचार होता की मे महिना बोट चालवू, जूनमध्ये रंगाचे दोन हात मारू आणि फळी पुढच्या वर्षी बघू. त्यांचंही चूक नव्हतं. बंदीपूर्वीच्या कमाईवरच पावसाळ्यातलं घर चालतं. मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्येच भरायची होती.

जेवणं झाल्यावर हा विषय निघाला. भाभी भांडी आवरत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "फळी तुटली तर इंजिन कुठे जाईल?"

कुणी बोललं नाही. पन्नास किलोच्या आसपासचं इंजिन फळीसकट निखळलं तर मागून पाणी आत येतं, आणि किनाऱ्यापासून लांब असताना बोटीत बाप आणि मुलगा दोघंच असतात. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही बोट वर ओढली. वाळूवर ती एकटीच होती. येणारे-जाणारे विचारायचे, "आत्ताच? अजून महिना आहे की!" भाई नुसते मान हलवायचे. फीसाठी भाभींनी भिशीचा नंबर आधी मागून घेतला.

खरवडणं आणि वाळवणं

पहिलं काम धुण्याचं. गोडं पाणी आणि साबण लावून सगळी बोट घासली, मग थिनरच्या फडक्याने पुसली. आम्ही सरळ घासायला पॉलिश पेपर उचलला होता, मिस्त्रींनी हात धरला. पृष्ठभागावर तेल, मेण, माशांचा चिकटा असतो. आधी घासलं की तो चिकटा ओरखड्यांत दाबला जातो आणि पुढे त्यावर रंग टिकत नाही.

मग जुने थर निघू लागले. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा. हिरवा अब्बांनी शेवटच्या वर्षी दिला होता. तो निघताना भाईंनी मशीन थोडा वेळ बंद ठेवलं.

तळाला नाण्याएवढे फोड होते. एक फोडला तर आत चिकट पाणी, आणि त्याला सिरक्यासारखा आंबट वास. बोट सतत पाण्यात नांगरून ठेवली की पाणी जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतं, तिथल्या द्रव्यांत मिसळून आम्लासारखं होतं, आणखी पाणी ओढून घेतं आणि फुगतं. यावर रंग लावणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. प्रत्येक फोड घट्ट थर लागेपर्यंत खरवडला, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला आणि उन्हात उघडा ठेवला. वाळलं की नाही हे पाहायची युक्ती सोपी आहे. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले, तर अजून ओल आहे. आम्हाला तीन आठवडे थेंब दिसत राहिले.

घरातल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं एक इथेच सांगतो. फायबर घासताना उडणारी धूळ काचेची असते. ती कातडीत रुतते आणि श्वासातून छातीत जाते. चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय मशीनला हात लावू नये. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नयेत. भाभींनी त्यासाठी अंगणात वेगळी बादलीच ठेवली होती.

रेझिनची शिस्त

तोवर फळीचं काम झालं. आतल्या बाजूचं फायबर कापून कुजलेलं प्लायवूड काढलं. ते हाताने चुरत होतं, भिजलेल्या पावासारखं. नवीन मरीन प्लाय मापात कापून, सगळ्या कडांना रेझिन पाजून बसवलं आणि वर मॅटचे थर दिले. जोड सरळ कापायचा नाही, उतरता घासायचा. जाडीच्या साधारण बारा पट लांब उतार हवा. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर. नवं जुन्याला जेवढ्या रुंद जागेवर चिकटेल, तेवढा जोड पक्का.

रेझिनमध्ये आधी कोबाल्ट नीट ढवळतात आणि मग हार्डनर घालतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. त्यातून स्फोट होऊ शकतो. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. या बाटल्या स्वयंपाकघरापासून, विस्तवापासून आणि मुलांपासून लांब, वेगवेगळ्या ठेवाव्यात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नयेत.

हार्डनरचं प्रमाण किलोला १० ते २० मिलिलिटर, ऊन जास्त तर हार्डनर कमी. पुतण्याला घाई. लवकर वाळेल म्हणून त्याने अंदाजाने ओतलं. थोड्याच वेळात डबा हातात धरवेना, मग धूर निघू लागला. त्याने तो वाळूवर ठेवला आणि आम्ही सगळे लांब झालो. आतलं रेझिन तडे जाऊन पिवळं पडलं. मिस्त्री रागावले नाहीत. "आता मापाचा चमचा वापरशील," एवढंच म्हणाले. त्यानंतर तो प्रत्येक वेळी मोजून घ्यायचा आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच कालवायचा.

आणि मग रंग

फोड वाळल्यावर भरले, पुट्टी लावून घोटली. आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०. प्रायमरचा एक हात, पुन्हा हलकं घासणं, मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ बरे, जाड रंग ओघळतो आणि आतून ओला राहतो. सकाळचं दव उडाल्यावर सुरुवात करायची आणि असरच्या आत ब्रश ठेवायचा, म्हणजे संध्याकाळच्या दमट हवेआधी रंग सुकतो. पाण्याखालच्या भागाला शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा अंश असलेला वेगळा रंग दिला. शेवटी नोंदणी क्रमांक ठळक लिहिला.

पांढरा रंग भाईंनी निवडला, काठाला हिरवी पट्टी. रंगाचं सगळं काम चार दिवसांत झालं. बाकीचा सगळा महिना रंगाखाली जे कधी दिसणार नाही त्यात गेला. त्यानंतर आठवड्याभरात पाऊस आला. बोट ताडपत्रीखाली होती.

१ ऑगस्टला ती पाण्यात ढकलताना सहाच माणसं लागली. भाईंनी इंजिन चालू केलं, मागच्या फळीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. पूर्वी तिथे हाताला कंप जाणवायचा.

एक फोड

सगळं छान झालं असं लिहून थांबता आलं असतं. पण पुढच्या वर्षी बोट वर काढली, तेव्हा डाव्या बाजूला तळाशी एक फोड पुन्हा आला होता. जागा ओळखीची होती. तिथे शेवटच्या दिवशी प्लास्टिकच्या आत दोन थेंब होते. शाळा सुरू व्हायला आली होती, आभाळ भरलं होतं, आणि "एवढ्याने काय होतं" म्हणत आम्ही ती भरून टाकली होती. बाकीच्या तळावर कुठेही फोड नव्हता.

आता दर वर्षी एप्रिलमध्ये पुतण्या हातोडीचा दांडा उलटा धरून बोटीभोवती फिरतो. स्क्रूचं प्रत्येक भोक तपासतो. कुठे आवाज बदलला तर खडूने गोल करतो. खडू आमच्या शाळेतला. आपल्या घरी किंवा शेजारी जुनी फायबरची बोट असेल, कुणी विकत घेणार असेल, तर एवढं जरूर करावं. रंग पाहण्याआधी कान लावावा, आणि मागच्या फळीपासून सुरुवात करावी.