सॅम शेपर्ड: पडद्यावरचा काउबॉय, नाटकातला मुलगा

आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, त्याचा चेहरा तुम्ही एखाद्या हॉलिवूडपटात पाहिला असेल. त्याची नाटकं मात्र बहुतेक वाचली नसतील. नाव सॅम शेपर्ड. अमेरिकन नट आणि नाटककार, जन्म १९४३.

आधी नटाबद्दल. १९८३ च्या ‘द राइट स्टफ’मध्ये त्याने चक येगरचं काम केलं. येगर म्हणजे आवाजापेक्षा वेगाने विमान उडवणारा पहिला पायलट. उंच, देखणा, कमी बोलणारा, कशालाच न घाबरणारा. या भूमिकेसाठी शेपर्डला ऑस्करचं नामांकन मिळालं.

आता गंमत बघा. त्याचे स्वतःचे वडीलही पायलट होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बर विमानं उडवली. पण युद्धानंतर दारू लागली आणि घराची पार वाट लागली. पडद्यावर ज्या मर्दाला आपण टाळ्या वाजवतो, तो घरी कसा असतो, हे शेपर्डने लहानपणीच पाहिलं होतं. माझ्या मते त्याची उत्तम नाटकं इथूनच आली.

तरुणपणी तो न्यूयॉर्कला आला. एका जॅझ क्लबमध्ये टेबलं आवरायचा आणि नाटकं लिहायचा. १९६४ मध्ये त्याच्या पहिल्या एकांकिका झाल्या, त्याही एका चर्चच्या जागेत! पुढे ‘बरीड चाइल्ड’साठी त्याला १९७९ चं पुलित्झर मिळालं. इलिनॉयमधलं शेतकरी कुटुंब. सोफ्यावर पडून चोरून दारू पिणारा बाप. परसात कित्येक वर्षं काही पेरलेलं नाही, तरी मोठा मुलगा तिथून मक्याची कणसं घेऊन येतो. त्या जमिनीत घराने एक गुपित पुरलंय, आणि कोणीही त्याबद्दल बोलत नाही.

‘ट्रू वेस्ट’ (१९८०) जरा विनोदी आहे. एक भाऊ पटकथा लिहिणारा, दुसरा भुरटा चोर. हळूहळू दोघांची अदलाबदल होते: चोर टाइपरायटरशी झगडतो आणि लेखक शेजाऱ्यांचे टोस्टर चोरून आणतो! २००० साली ब्रॉडवेवर फिलिप सेमूर हॉफमन आणि जॉन सी. रायली या दोन्ही भूमिका आलटून-पालटून करायचे.

म्हणजे काय, तर सिनेमात त्याने न बोलणारा मर्द उभा केला आणि नाटकात त्याच मर्दाला उघडं पाडलं. बाप बोलत नाही, म्हणून मुलं एकमेकांवर ओरडतात. हे समजायला अमेरिकेला जावं लागत नाही.

शेवटी त्याला एएलएस झाला. या आजारात स्नायू एकेक करून निकामी होतात. हात चालेनासे झाले, तेव्हा त्याने शेवटचं पुस्तक बोलून रेकॉर्ड केलं, घरच्यांनी ते उतरवून घेतलं आणि जुनी मैत्रीण, गायिका पॅटी स्मिथने संपादनाला मदत केली. २०१७ मध्ये तो गेला.

सुरुवात कुठून करायची? ‘ट्रू वेस्ट’ वाचा. आणि भाऊ असेल, तर त्यालाही वाचायला द्या!