गवताच्या नदींतील परका अजगर

अजगर म्हटला कीं आळसाची मूर्तीच डोळ्यांपुढें उभी राहते. खाऊन निजून राहणाऱ्या माणसास घरोघर त्याचीच उपमा देतात. परंतु याच सुस्त प्राण्यानें आपल्या मुलुखापासून हजारों मैल दूर असलेलें एक अरण्य थोड्याच वर्षांत मुकें करून टाकलें, ही गोष्ट सत्य आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं फ्लॉरिडा हें आग्नेय टोकाचें संस्थान. त्याच्या दक्षिण भागांत एव्हरग्लेड्स नांवाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. तेथें उथळ पाणी उंच गवतांतून इतक्या संथपणें समुद्राकडे सरकतें, कीं त्यास 'गवताची नदी' असेंच नांव पडलें. १९४७ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें.

ब्रह्मी अजगराचें मूळ घर ब्रह्मदेश, थायलंड व ईशान्य भारत या बाजूस. हौसेखातर पाळण्याकरितां त्याचीं पिल्लें अमेरिकेंत हजारोंनीं नेण्यांत आलीं. हातभर पिल्लूं वाढून दहा-बारा फुटांचें झालें, कीं धन्याची हौस फिटे व तें गुपचूप दलदलींत सोडण्यांत येई. १९९२ सालच्या अँड्र्यू वादळांत सर्पांच्या पैदाशीचें एक ठिकाण उद्ध्वस्त झालें. तेथूनहि कांहीं अजगर निसटले असावेत असें मानतात. २००० सालच्या सुमारास त्यांची वीण तेथें रुजल्याचें मान्य झालें. विशेष हें कीं, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत यांपैकीं कांहींच्या अंगीं भारतीय अजगराचा, म्हणजे सह्याद्रींत आढळणाऱ्या जातीचाहि अंश दिसून आला.

ऊब, पाणी व मुबलक भक्ष्य हीं तिन्ही तेथें त्यास लाभलीं. मादी एका वेळीं अनेक डझन अंडीं घालते. भक्ष्य न मिळाल्यास अजगर महिनेच्या महिने उपाशी राहूं शकतो. तेथील प्राण्यांस मात्र असल्या शत्रूची पिढ्यान् पिढ्या ओळखच नव्हती.

परिणाम २०१२ सालीं उघडकीस आला. रात्रीं रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांच्या जुन्या व नव्या नोंदी संशोधकांनीं ताडून पाहिल्या, तेव्हां रॅकून व ऑपॉसम हे प्राणी शेंकडा ९८ हून अधिक घटल्याचें आढळलें. ससे तर दिसेनासे झाले होते. हा निव्वळ योगायोग नसेल कशावरून, ही शंका रास्त होती. म्हणून दलदलींतील कांहीं सशांस बिनतारी यंत्रें बांधून उद्यानांत सोडण्यांत आलें. अकरा महिन्यांत मेलेल्या सशांपैकीं शेंकडा ७७ अजगरांच्या पोटांत गेले होते.

परंतु साखळी येथेंच तुटत नाहीं. मोठे प्राणी नाहींसे झाल्यावर डासांनीं रक्त शोषावें कोणाचें? १९७९ सालीं तेथील एका जातीच्या डासांच्या पोटांतील रक्तापैकीं शेंकडा १५ हूनहि कमी रक्त एका रानउंदराचें असे. २०१६ सालीं तें प्रमाण शेंकडा ७६ च्या वर गेलें. याच उंदराच्या अंगीं माणसास ताप आणणारा एक विषाणु वसतो. शिवाय अजगरांबरोबर आलेला फुप्फुसांतील एक परोपजीवी आतां स्थानिक सर्पांतहि पसरला आहे.

उपाय कमी झाले नाहींत. २०१२ सालीं या अजगराच्या आयातीस बंदी झाली. परंतु तोंवर फार उशीर झाला होता. २०१३ सालीं भरविलेल्या स्पर्धेंत सुमारें १६०० लोकांनीं महिनाभर दलदल तुडविली, आणि हातीं आले अवघे ६८ अजगर. २०१७ सालीं तामिळनाडूंतील इरुळ जमातीच्या दोन सर्पग्राहींस तेथें बोलावण्यांत आलें. जमिनीवरील खुणा वाचीत त्यांनीं आठवड्याहून थोड्याच अधिक काळांत १३ अजगर धरले. आजवर २३,००० हून अधिक अजगर काढले गेले, तरी गवतांत दडलेला अजगर दोन हातांवरूनहि दिसत नाहीं. त्यामुळें समूळ उच्चाटनाची आशा तज्ज्ञांस उरलेली नाहीं.

आणि याच अजगराची मायभूमींत काय स्थिति आहे? कातड्यासाठीं होणारी शिकार व आक्रसणारीं रानें यांमुळें तो तेथें संकटग्रस्त गणला जातो. एकीकडे त्यास वांचविण्याची धडपड, दुसरीकडे नाहींसा करण्याची. प्राणी तोच, चुकलें आहे तें त्याचें ठिकाण, आणि तें चुकविणारा तो नव्हे.