गावकऱ्यांनी उभारलेली इंटरनेट सेवा

घरोघरी इंटरनेट पोहोचविणे हा जसा यंत्रविद्येचा प्रश्न आहे, तसाच तो खर्चाचाही आहे. शहरात एका गल्लीतून तार नेली की शेकडो घरे जोडली जातात. डोंगराळ मुलखात मात्र एकेका घरासाठी मैल-दीड मैल तार घालावी लागते. त्यामुळे मोठ्या कंपन्या विरळ वस्तीकडे सहसा वळत नाहीत. इंग्लंडच्या वायव्य भागातील लँकेशायर परगण्यात ल्यून नदीच्या खोऱ्याजवळील खेड्यांचा अनुभव असाच होता. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येणारा संदेश अंतरागणिक क्षीण होतो, आणि तेथील घरे तर एक्स्चेंजपासून फार दूर.

तेव्हा २०११ साली रहिवाशांनी स्वतःचीच संस्था स्थापन केली. ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ हे तिचे नाव. ‘बार्न’, म्हणजे शेतावरील कोठार, या नावाने ती ओळखली जाते. संगणक-जाळ्यांचे तज्ज्ञ बॅरी फोर्ड आणि शेतकरी कुटुंबातील ख्रिस काँडर हे तिचे अग्रणी होत. गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन भांडवल जमविले.

संस्थेने तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर, म्हणजे काचेचा बारीक तंतू, निवडला. त्यातून संदेश प्रकाशाच्या रूपाने जातो व अंतरामुळे फारसा मंदावत नाही. रस्ते खणणे महाग, म्हणून नळ्या शेतांतून नेण्यात आल्या. शेतकऱ्यांनी वाट विनामूल्य दिली. अनेक ठिकाणी चरही गावकऱ्यांनीच खणले. घरास दर सेकंदाला १००० मेगाबिट इतका वेग मिळू लागला. आरंभी त्याचे शुल्क दरमहा ३० पौंड होते. गावच्या शाळांना जोडणी विनामूल्य देण्यात आली.

ही सेवा केवळ अर्ज केल्याने मिळत नाही. पुरेशी कुटुंबे तयार व्हावी लागतात, भांडवल जमावे लागते आणि प्रत्येक जमीनमालकाची संमती लागते. एकाने नकार दिल्यास चराचा मार्ग वळवावा लागतो व पलीकडील घरे खोळंबतात. असे असूनही हे जाळे पुढे कंब्रिया व यॉर्कशायर या शेजारच्या परगण्यांत पसरले.

भूगोल व नागरिकशास्त्र यांच्या पाठांत या उदाहरणाचा उपयोग होईल. शिक्षकांनी गावचा नकाशा फळ्यावर काढावा, ग्रामपंचायतीपासून सर्वांत दूरच्या वस्तीपर्यंतचे अंतर मुलांकडून मोजून घ्यावे आणि तेथवर तार न्यायची तर कोणाकोणाची संमती लागेल, हे त्यांनाच विचारावे. त्या वस्तीवरून शाळेत येणारे मूल वर्गात असेल, तर पहिले उत्तर त्यालाच देऊ द्यावे.