प्रतिभाग मिळकत
प्रतिभाग मिळकत : कंपनीच्या हिशेबवर्षातील निव्वळ नफ्यापैकी प्रत्येक सामान्य भागाच्या (समभागाच्या) वाट्यास येणारी रक्कम. व्यवहारात ती ‘ईपीएस’ या संक्षेपाने ओळखली जाते. ही रक्कम भागधारकास प्रत्यक्ष मिळतेच असे नाही. नफ्याचा जो अंश वाटला जातो, तोच लाभांश होय. भागाच्या बाजारभावास प्रतिभाग मिळकतीने भागले असता किंमत-मिळकत गुणोत्तर मिळते व त्यावरून भाग महाग की स्वस्त हे पुष्कळदा ठरविले जाते. म्हणूनच तिच्या गणनेस निश्चित नियम आवश्यक ठरले. मूलभूत व विरलित अशा दोन मिळकती दाखविण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय लेखामानक ३३ (१९९७) याने रूढ केली. भारतात लेखामानक २० हे १ एप्रिल २००१ पासून सुरू होणाऱ्या हिशेबवर्षांना लागू झाले. २०१६ पासून अनेक मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने ‘इंड एएस ३३’ हे मानक लागू करण्यात आले.

मूलभूत मिळकत : करोत्तर नफ्यातून अग्रहक्क भागांवरील लाभांश वजा करून उरलेल्या रकमेस सामान्य भागांच्या कालभारित सरासरी संख्येने भागतात. समजा, करोत्तर नफा ६६ लाख रु. व अग्रहक्क लाभांश ६ लाख रु. आहे. १ एप्रिल रोजी १० लाख भाग होते व १ ऑक्टोबर रोजी बाजारभावाने ४ लाख भाग नव्याने विकले. नव्या भागांचे भांडवल सहाच महिने वापरात असल्याने ते २ लाखच धरावयाचे; म्हणून सरासरी १२ लाख व मिळकत ५ रु. येते. बक्षीस भागांमुळे मात्र नवे भांडवल येत नसल्याने ते प्रारंभापासूनच होते असे मानून मागील वर्षाचे आकडेही सुधारून घेतात.

विरलित मिळकत : परिवर्तनीय कर्जरोखे, भागखरेदीचे विकल्प इत्यादींमुळे पुढे भागसंख्या वाढून प्रत्येकाचा वाटा घटण्याचा संभव असतो. वरील कंपनीचे १२ टक्के व्याजाचे १ कोटी रु.चे, ३ लाख भागांत परिवर्तनीय असलेले कर्जरोखे वर्षभर अस्तित्वात होते असे मानू. परिवर्तन झाले असते, तर १२ लाख रु. व्याज वाचले असते. २५ टक्के कर वजा जाता ही बचत ९ लाख रु. होते. म्हणून ६९ लाख रु. भागिले १५ लाख, म्हणजे ४·६० रु. ही विरलित मिळकत होय. तेच रोखे १ लाख भागांत परिवर्तनीय असते, तर उत्तर सु. ५·३१ रु. आले असते. मिळकत वाढविणारे असे रोखे गणनेत धरीत नाहीत. सावधगिरीचे तत्त्व येथे प्रधान आहे. विकल्पांच्या बाबतीत, त्यांपासून मिळणाऱ्या रकमेत सरासरी बाजारभावाने जितके भाग घेता आले असते, तितके वगळून उरलेले भाग विनामूल्य दिल्याप्रमाणे मिळवितात.

मर्यादा : कंपनीने स्वतःचे भाग परत खरेदी केल्यास नफा न वाढताही मिळकत वाढू शकते. घसाऱ्याच्या भिन्न पद्धतींमुळे दोन कंपन्यांची तुलनाही फसवी ठरते. या दोन आकड्यांतील अंतर मोठे असल्यास आजच्या नफ्यावर उद्याचे किती वाटेकरी हक्क सांगणार आहेत, याची सूचना गुंतवणूकदारास मिळते.