मान हलवणारा घोडा

'नालेसाठी घोडा' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. हाती लागलेल्या एका नालेपायी घोडा विकत घेणाऱ्या शहाण्याची ती थट्टा आहे. पण ती नाल ज्या खुराला ठोकतात, त्या खुरावरच सगळा घोडा उभा असतो, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला कळले.

दस्तुरी नाक्याला मोटार सोडून आम्ही घोडे केले. वाटेत घोडे दुडक्या चालीने निघाले, तसा माझ्या मित्राचा घोडा मान खालीवर करू लागला. "बघ, माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतोय!" मित्र खूष झाला. घोडेवाल्या काकांनी मात्र लगाम धरून घोडा थांबवला. "उतरा बाळांनो. तो हो म्हणत नाही, पाय दुखतोय म्हणतोय." डावा पुढचा पाय टेकताना मान खाली जात होती, म्हणून आम्ही डावा पाय दाखवला. काकांनी उचलला तो उजवा!

काकांचेच बरोबर होते. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. दुखरा पाय जमिनीला लागताना घोडा मान वर उचलतो आणि त्या पायावरचा भार हलका करतो. चांगला पाय टेकला की मान खाली येते. मागचा पाय दुखत असेल, तर पुठ्ठ्यांकडे पाहावे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. सावकाश चालताना हे लपून जाते, दुडकीत उघडे पडते. दुखणे लपवणे हा घोड्याचा स्वभावच आहे. रानातल्या कळपात जो लंगडला, तो श्वापदाच्या तोंडी गेला!

आता खुराकडे वळू. बाहेरचे कवच आपल्या नखासारखे निर्जीव असते, म्हणून नालेचा खिळा नीट बसला तर दुखत नाही. हे कवच महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढते. त्यामुळे साधारण ६ ते ८ आठवड्यांनी खूर तासून नालबंदी करावी लागते. कवचाच्या आत मात्र रक्तवाहिन्यांनी भरलेला जिवंत थर आहे. तेथे सूज आली, तर ताठ कवचात तिला पसरायला जागा नसते. घट्ट बुटात ठणकणारा अंगठा आठवा, म्हणजे घोड्याचे दुःख कळेल.

घोडा एकाएकी पाय टेकेनासा झाला, खूर गरम लागला आणि खुराच्या वर मागच्या बाजूची नाडी जोराने उडू लागली, तर बहुधा आत पू झालेला असतो. खुराच्या तळाला कुजका वास आला, तर तबेल्यातली ओल आणि घाण यांकडे पाहावे. सर्वांत भयंकर दुखणे लॅमिनायटिसचे. चंदी बेसुमार खाल्ल्यानेही ते होते. त्यात खुराचे कवच आतल्या हाडाशी जखडून ठेवणारा थर सुजतो. घोडा पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून टाचांवर भार देतो. दोन्ही पाय सारखेच दुखत असल्याने येथे मान फारशी हलतही नाही! अशा वेळी तासाभराचाही उशीर न करता पशुवैद्यकाला बोलवावे.

काकांनी दोन्ही खूर तळहाताने चाचपले. उजवा गरम होता. ऐन गर्दीच्या दिवसांतली कमाई सोडून ते घोडा हाताने धरून पायी परत निघाले. आम्ही हळहळलो, तेव्हा म्हणाले, "आज पळवला तर आजचे पैसे मिळतील. उद्या घोडाच राहायचा नाही."

दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही मुद्दाम तबेल्यात डोकावलो. डॉक्टरांनी तळवा किंचित कोरून पू काढला होता आणि खूर बांधला होता. घोडा चारही पायांवर उभा राहून गवत खात होता. मित्राने त्याच्या मानेवरून हात फिरवला. मान आता अगदी स्थिर होती.